दांड्यावरची थाप

बोगद्यात सगळं ठीक होतं, आणि शर्वरी चाळकेला नेमकं तेच सहन होत नव्हतं.

सोनाळ घाटाच्या पोटातून देश आणि कोकण जोडणारा बोगदा दोन्ही बाजूंनी खोदत आणला होता आणि आता मधला थोडासाच खडक उरला होता. छतात ठोकलेले हजारो बोल्ट आपापली खबर देत होते आणि ती पुण्याच्या ऑफिसात शर्वरीच्या पडद्यावर एका हिरव्या रेषेत उमटत होती. रेषा सरळ होती. गेल्या पावसाळ्यापासून ती अशीच सरळ होती. ऑफिसातली मंडळी तिच्याकडे कौतुकाने बघत. शर्वरी मात्र घरी निघताना एकदा बघून घेई, लिफ्टपाशी गेली की काहीतरी विसरल्यासारखी परत येई आणि पुन्हा बघे.

तिचा हा स्वभाव घरात सगळ्यांना पाठ होता. गॅस बंद केला का हे पाहायला ती अर्ध्या रस्त्यातून परतायची आणि सहलीच्या गाडीत बसल्याबरोबर माणसं मोजायला घ्यायची. धाकटा भाऊ तुषार म्हणायचा, ताईच्या डोक्यात एक घंटी बसवलेली आहे आणि ती बंद करायचं बटण द्यायला देव विसरला. त्यामुळे शर्वरी बेचैन आहे, ही बातमी कुणाच्याच लेखी बातमी नव्हती. हळूहळू ती स्वतःही तसंच मानायला लागली होती.

खरं तर बोगद्यातले बोल्ट तिचेच होते. खडक बाहेरून कितीही अखंड दिसला तरी आतून तो थरांचा आणि भेगांचा असतो. त्याच्या पोटात पोकळी केली की वरचे थर सुटून खाली यायला बघतात. म्हणून छतात खोल भोक पाडून पोलादी सळई आत घालतात, रेझिन ओतून ती खडकाला पक्की चिकटवतात आणि बाहेरच्या टोकाला प्लेट लावून नट आवळतात. गोधडीला टाके घालावेत तसं हे काम. टाके बसले की सुटे थर एकमेकांना धरून राहतात आणि खडक स्वतःच स्वतःची कमान होतो. अडचण एवढीच, की ओझं सगळ्या टाक्यांवर सारखं पडत नाही. एखाद्याच सळईवर नको तेवढा ताण येतो आणि ती बंदुकीसारखा आवाज करून तुटते. मग तिचं ओझं शेजारणीवर पडतं आणि तीही त्याच वाटेने जाते.

शर्वरीचा बोल्ट तुटत नसे. त्याच्या डोक्यात तेलाची एक छोटी कुपी आणि एक झडप होती, आणि सळईच्या आत ताण ओळखणारा काचेचा तंतू. ताण शेजाऱ्यांपेक्षा वाढला की झडप केसभर उघडे, सळई केसभर ढिली पडे, आणि आजूबाजूचे बोल्ट स्वतःला तेवढेच आवळून घेत. ओझं आपोआप वाटलं जाई. कंपनीने त्याचं नाव 'समभार' ठेवलं होतं आणि बोगद्यातल्या पोरांनी दुसऱ्याच दिवशी त्याचं सांबार करून टाकलं.

ही कल्पना तिला गावच्या पालखीवरून सुचली होती. घाटाच्या पायथ्याला त्यांचं कासारकोंड. शिमग्यात वाघजाईची पालखी घरोघरी नाचवत नेतात, आणि ज्याचा खांदा भरून आला तो बाजूला होऊन दुसऱ्याला आत घेतो. पालखी क्षणभरही थांबत नाही. लहानपणापासून पाहिलेली ही खांदेपालट तिने पोलादात उतरवली होती आणि मुलाखतीत विचारलं की ती हे आवर्जून सांगायची.

सुरुवातीला बोल्ट फार खोट्या हाका द्यायचे. बोगद्यातली ओल आणि उष्णता यांनी काचेच्या तंतूचं माप सरकायचं, धडधाकट बोल्ट "मेलो, मेलो" म्हणून ओरडायचा आणि काम थांबायचं. ठेकेदार वैतागले. तेव्हा शर्वरीने एक साधी युक्ती केली. हवा आणि ओल सगळ्या बोल्टांना सारखीच लागणार, म्हणून प्रत्येक बोल्टाने शेजाऱ्यांच्या सरासरीकडे बघून आपली खबर द्यायची. त्यांच्यापेक्षा फार वेगळा निघाला तरच ओरडायचं. खोट्या हाका बंद झाल्या, रेषा हिरवी झाली आणि समभार एकामागून एक आठ बोगद्यांत बसला.

शिमग्याला ती गावी आली. अलीकडे गावात खांदेच उरले नव्हते. मुंबईचे चाकरमानी आता घरबसल्या थेट चित्र दाखवणारे चष्मे लावून पालखी बघत आणि तिथूनच गुलाल उधळत. देवी काय, चष्म्यातूनही दिसते, पण चष्म्याला खांदा नसतो, अशी आबांची तक्रार होती. आबा म्हणजे शर्वरीचे वडील, एके काळचे गावातले नावाजलेले खांदेकरी. माणसं कमी पडायला लागल्यावर बायकाही दांड्याखाली जाऊ लागल्या होत्या. शर्वरी मात्र कधी गेली नव्हती. ती कडेने चालायची आणि कुणाचं पोर पायाखाली येत नाही ना, ते बघायची.

त्या वर्षी तुषारने एक झकास तोड काढली. तो त्याच बोगद्यावर कोकणच्या बाजूचा शिफ्ट इंजिनिअर होता. एका दिवसाच्या सुट्टीवर असलेली आपली पोरंच त्याने गाडीत घालून आणली. कुणी झारखंडचा, कुणी ओडिशाचा, दोघे बीडचे. दिवसभर खडक फोडणारी ती माणसं, खांदे असे की बघत राहावं. गाडीतच त्याने त्यांना रीत समजावली होती. दमलात की दांड्यावर तळव्याने दोन थापा मारायच्या, लोक "खांदा" म्हणून ओरडतील आणि कुणीतरी आत येईल. पोरांनी माना डोलावल्या.

सहाणेवरून, म्हणजे देवीच्या चौथऱ्यावरून, पालखी उठली तेव्हा ढोलांनी अंगण दणाणलं. चौघं पोरं बेभान नाचत होती. एक वाडी झाली, दुसरी झाली. थाप काही पडेना. आबा पुढे होऊन म्हणाले, बदला रे आता, तर चौघांनी हसून माना हलवल्या. परक्या गावच्या देवीने मान दिलेला. बाकीचे तिघे हसताहेत, मग मीच आधी कसा हात टेकू, असं त्यातल्या प्रत्येकाला वाटत होतं. शर्वरी त्यांच्या तोंडांकडे बघत होती. चारही तोंडांवर एकसारखं हसू होतं, आणि चौघांचेही सदरे घामाने पाठीला चिकटले होते. ते सारखेपण तिला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं.

मग झारखंडच्या सोमराचा गुडघा वाकला. त्याच्या वाटणीचं ओझं बाकी तिघांवर गेलं आणि पापणी लवायच्या आत चौघेही खाली बसले. दांडा जमिनीवर आपटला. गुरवाने झेप घेऊन देवीचे मुखवटे सावरले म्हणून बरं. कुणाला फारसं लागलं नाही, पण सोमरा लाजेने रडायला लागला.

आबांनी त्याला उठवलं, पाठीवरची माती झटकली आणि तुषारकडे बघून म्हणाले, "खांद्यात जोर हाय रे पोरांच्या, तोंडात नाय. मुक्यानं ओझं न्यायचं ते बैलांनी. पालखी मान्सं नेतात, ती बोलून नेतात."

लोक हसले आणि नवे खांदे लागून पालखी पुढे गेली. शर्वरी तिथेच धुळीत उभी राहिली. तिने पालखीतून खांदेपालट तेवढी उचलली होती आणि थाप सोडून दिली होती. थाप म्हणजे सणाचा गलका, एवढंच तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं. आणि त्यात भर म्हणून तिनेच प्रत्येक बोल्टाला शिकवलं होतं, की शेजाऱ्याकडे बघ आणि त्याच्याइतकाच असशील तर ठीक आहे म्हण. सगळ्यांवरचं ओझं एकदम वाढत गेलं तर कुणीच कुणापेक्षा वेगळा निघणार नव्हता. सगळे आरामात असोत की सगळे अखेरच्या दमावर, रेषा सरळच राहणार होती.

तिने तुषारला ओसरीवर गाठलं तेव्हा तो पुरणपोळीवर तूप वाढून घेत होता. तिने एका दमात सांगितलं. तो आधी हसला, मग तिचा चेहरा बघून त्याने ताट बाजूला ठेवलं. त्याचंही बरोबर होतं. चार दिवसांवर आरपार होती, म्हणजे दोन्हीकडचं खोदकाम एकमेकांना भिडणार होतं. देशाकडच्या टोळीच्या आधी शेवटचा खडक फोडायचा मान आपल्या पोरांना मिळणार म्हणून तो महिनाभर हवेत होता. आणि ताईच्या डोक्यातली घंटी काही पहिल्यांदा वाजत नव्हती.

ती त्याला म्हणाली, तांबड्या पट्ट्याची एकदा जॅक लावून खात्री करू, बाकी काही मागत नाही. सह्याद्रीचा खडक म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक साचलेले थर. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात खालच्या थराची माती झाली आणि वरच्या लाव्ह्याने ती भाजून काढली, असे तांबडे पट्टे मधूनमधून लागतात. कोरडे असताना ते घट्ट असतात, पण पाणी लागलं की फुगतात आणि वरचा खडक खाली ढकलू लागतात. असा एक पट्टा बोगद्याच्या तोंडापासून थोडं आत, नेमका माणसांच्या जायच्या-यायच्या वाटेवर होता. गेल्या पावसाळ्यात तो चांगलाच पाझरला होता.

"चल," तुषार म्हणाला. "तुझी घंटी बंद होत असेल तर तासभर काम थांबवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे क्रेनच्या पाळण्यात चढून छतापर्यंत गेले. जॅक बोल्टाचं टोक धरून बाहेर ओढतो. ओढ वाढवत न्यायची, आणि ज्या क्षणी प्लेट खडकापासून केसभर सुटते त्या क्षणाची ओढ म्हणजे बोल्टावरचं खरं ओझं. पूर्वी हे काम नेमाने व्हायचं. बोल्ट स्वतःच खबर द्यायला लागल्यापासून ते कुणाला सुचेनासं झालं होतं. समभार वीस टन पेलतो. या पट्ट्यात नऊ-दहा असतील असा शर्वरीचा मूळ हिशेब होता.

पहिल्या बोल्टाची प्लेट अठराच्या पुढे काटा गेल्यावर सुटली. दुसऱ्याचीही तशीच. तिसरा, चौथा, मग पलीकडच्या भिंतीवरचा एक. एखादा तरी हलका निघावा म्हणून शर्वरी आडवेतिडवे कुठलेही बोल्ट निवडत गेली. हलका असा एकही नव्हता. सगळे सारखेच दमले होते आणि सगळे पडद्यावर हिरवे होते.

तुषारने काट्यावरची धूळ पुसून आकडा पुन्हा वाचला. मग म्हणाला, "वीसपर्यंत चालतो ना? म्हणजे आत आहे."

कागदावर ते खरंही होतं. शर्वरीने तिथूनच रणदिव्यांना फोन लावला. रणदिवे कंपनीचे प्रमुख. तिची कल्पना ऐकून सगळे हसत होते तेव्हा याच माणसाने तिला खोली, माणसं आणि चार वर्षं दिली होती. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, की हेच बोल्ट आठ बोगद्यांत आहेत, त्यातल्या दोनांतून रेल्वे धावते, आणि आज एका बोगद्यातून माणसं बाहेर काढली तर उद्या आठही बंद पडतील. आकडा मर्यादेत आहे. आरपार होऊ दे, पाचव्या दिवशी हव्या तेवढ्या सळया मार. आपल्यालाही हे चार दिवस झोप लागणार नाही, असंही ते म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते.

स्पीकरवर तुषार सगळं ऐकत होता. शर्वरीने त्याच्याकडे बघितलं.

"चारच दिवस, ताई," तो म्हणाला. "मग मीच तुला दुप्पट बोल्ट मारून देतो." आणि तो फेसकडे, म्हणजे खोदकामाच्या पुढच्या भिंतीकडे, आपल्या पोरांत निघून गेला.

तिला भयंकर राग आला आणि त्याच्या पाठोपाठ रडू आलं. आई गेली तेव्हा तुषार एवढासा होता. याच पोराला तिने कडेवर घेऊन ओढा ओलांडून शाळेत नेलं होतं. माणसांवर तिचा हुकूम चालत नव्हता, तो फक्त बोल्टांवर चालत होता. कुठल्याही समभारची झडप कशी उघडायची ते ठरवायची किल्ली तिच्या टॅबमध्ये होती.

ती बोगद्याच्या तोंडाशी गाडीच्या बॉनेटवर टॅब ठेवून उभी राहिली. झडप आतापर्यंत हळूच, तेल पाझरू देत उघडायची. ती झटक्यात उघडून झटक्यात मिटवली तर प्लेट खडकावर आपटणार होती आणि आवाज होणार होता. ओझं वाटून घेताना प्रत्येक बोल्टाने अशी थाप मारली तर आत कुणाला पडदा बघायची गरज राहणार नव्हती. शेजाऱ्याकडे बघायची सवय मोडायची आणि जॅकने दाखवलेला खरा आकडा त्यांना द्यायचा, एवढंच काम.

पण इतक्या भरलेल्या बोल्टांना झटके देणं म्हणजे जिवाशी खेळ होता. त्या थापांनीच छत खाली आलं तर? तिने पुन्हा पुन्हा हिशेब केला. उत्तर तांबडा पट्टा आतून किती भिजलाय यावर अवलंबून होतं, आणि ते कुणालाच दिसत नव्हतं. गणित म्हणत होतं, बहुतेक काही होणार नाही. आयुष्यभर तिने बहुतेक या शब्दाचा तिरस्कार केला होता. बोगदा रिकामा होईपर्यंत थांबावं म्हटलं तर तो रिकामा होतच नव्हता. आरपारच्या घाईत एक शिफ्ट आत गेल्याशिवाय दुसरी बाहेर येत नव्हती.

तिने हेल्मेट घातलं आणि ती चालत आत गेली. तांबड्या पट्ट्याखाली येऊन थांबली. आपण इथे उभं राहिल्याने आतल्या एकाही माणसाचा धोका कमी होत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण बाहेर सुरक्षित उभं राहून हे बटण तिच्याच्याने दाबलं जात नव्हतं. तिने वर बघितलं, तुषारचं नाव घेतलं आणि किल्ली फिरवली.

काहीच झालं नाही. हवा खेळवणारा पंखा घरघरत राहिला. मग डोक्यावर, अगदी साधा, टाप असा आवाज झाला. थोड्या अंतरावरून त्याला जबाब आला. मग उजवीकडून दोन, पलीकडून चार. बघता बघता पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं छत थापा मारायला लागलं. ज्याला त्याला खांदा हवा होता आणि द्यायला कुणीच मोकळा नव्हता.

फेसवर तो आवाज पोचला तेव्हा तिथे कुणी कुणाला काही समजावलं नाही. आदल्या दिवशी सोमराच्या कानात त्या थापांचा अर्थ पक्का बसला होता. त्याने हातातलं ड्रिल खाली टाकलं आणि तो पळत सुटला. त्याच्यामागे सगळी शिफ्ट. माणसं माना खाली घालून पट्ट्याखालून धावत गेली. सर्वांत मागून तुषार आला. त्याने शर्वरीला पाहिलं, दंड धरला आणि तिला ओढत बाहेर आणलं.

उन्हात आल्यावर तो माणसं मोजायला लागला. शर्वरी आधीच मोजत होती. दोघांची संख्या जुळली आणि मग दोघेही खाली दगडांवर बसले.

आत थापा चालूच होत्या. सगळे बोगद्याच्या तोंडाकडे बघत होते. तासभर गेला, दुपार गेली. छत पडलं नाही.

ते दुसऱ्या दिवशीही पडलं नाही आणि आठवडाभरानेही नाही. मग खालून लोखंडी कमानींचा टेकू देण्यात आला, दुप्पट सळया बसल्या, काँक्रीटचा जाड थर चढला आणि थापा एकेक करून थांबल्या. आता ते छत आपणहून पडलं असतं की नाही, हे कुणालाच कधी कळणार नव्हतं. रोग होण्याआधी औषध दिलं की रोग होणार होता हे सिद्ध करता येत नाही, तसलाच हा प्रकार.

आठही बोगदे पाळीपाळीने बंद करून जॅक लावावे लागले. बहुतेक ठिकाणी ओझं बेताचंच निघालं. एका ठिकाणी ते सोनाळइतकंच होतं. वर्तमानपत्रांत चर्चा मात्र रखडलेल्या गाड्यांची झाली. रणदिव्यांनी शर्वरीला बोलावून चहा पाजला आणि राजीनामा मागितला. आरपारचा मान दहा महिन्यांनी देशाकडच्या टोळीला मिळाला. तोवर तुषारची बदली विदर्भात एका कालव्यावर झाली होती. निघताना तो तिला एवढंच म्हणाला, "पडलं नाही, ताई." त्यानंतर त्याने फोन करणं सोडलं.

त्या वर्षात शर्वरीच्या मनात एक विचार पुन्हा पुन्हा येई. एकदा तरी ते पडायला हवं होतं, सगळे बाहेर आल्यावर, निदान एक कोपरा. मग आपण कसली इच्छा धरून बसलोय हे लक्षात येऊन ती स्वतःलाच घाबरे. भाकरी थापताना आवाज झाला तरी ती छताकडे बघे. तिची नोकरी गेली तरी तिची थाप मात्र राहिली. नवे समभार बोल्ट आता बोलूनच ओझं वाटत. त्या बोगद्यांमधून जाताना डोक्यावर अधूनमधून टाप ऐकू येते. सुरुवातीला ड्रायव्हर घाबरत, कामगार डोकं दुखतं म्हणून तक्रार करत. मग सवय झाली. थापा फारच जवळजवळ यायला लागल्या की गाडी मागे घ्यायची, एवढं शाळेच्या बसमधल्या पोरांनाही कळायला लागलं.

पुढच्या शिमग्याला तुषार आला. उन्हाने काळवंडला होता, बोलणं कमी झालं होतं. ताईला नमस्कार केल्यासारखं करून तो आबांजवळ जाऊन बसला. बोगद्यातली पोरंही आली होती. आबांनी त्यांना अंगणात एका ओंडक्यावर थापा मारायचा सराव करायला लावला आणि सोमराची थाप देवीलाच काय, आख्ख्या तालुक्याला ऐकू जाईल असं सर्टिफिकेट दिलं.

पालखी उठली आणि तुषार दांड्याखाली गेला. पोरांनी थापा मारल्या, खांदे बदलले, पुन्हा बदलले. तुषार बाहेर येईना. एक वाडी झाली, ओढा झाला. तो मान खाली घालून नाचत होता. शर्वरी त्याच्या बाजूने चालत राहिली. त्याच्या मानेची शीर तट्ट फुगली होती आणि पाऊल जड पडायला लागलं होतं. सांगावं, ओरडावं, आबांना बोलवावं असं तिला शंभरदा वाटलं. कधी नव्हे ते ती गप्प राहिली, कारण थाप ज्याची त्याने मारायची असते.

वडाच्या पारापाशी तुषारचा हात वर गेला. तळवा दांड्यावर दोनदा पडला. "खांदा" म्हणून गलका उठला, दोघेतिघे पुढे धावले, पण शर्वरी सगळ्यांत जवळ होती. तिने पदर खोचला आणि त्याच्या जागी खांदा घातला.

रीतीप्रमाणे त्याने बाजूला व्हायचं. तो झाला नाही. एक हात दांड्यावर ठेवून तिच्याबरोबर चालत राहिला आणि ढोलांच्या गजरात तिच्या कानाशी वाकला.

"जॅकचा काटा बघितला तेव्हाच मला कळलं होतं, ताई. पोरांना तेव्हाच बाहेर काढायला हवं होतं. मला आरपारचा मान सोडवेना. ते पडलं नाही म्हणून मी वर्षभर तुझ्यावर राग धरला, आणि ते पडलं असतं तर मी काय केलं असतं, हे मनात येऊन रोज झोप उडायची."

शर्वरीचे डोळे भरून आले. दोन्ही हात दांड्यावर असल्यामुळे ते तिला पुसता आले नाहीत. "आता सांगितलंस ना," ती म्हणाली. "जा, पाणी पी."

तो मागे राहिला. दांडा तिला वाटला होता त्यापेक्षा फार जड होता. नाचायला तिला येत नव्हतं, बाकीच्यांच्या पावलांनी ती ओढली जात होती. शाळेच्या मैदानाशी येईतो तिचा खांदा भरून आला. अजून थोडं जमेल असं तिला वाटलं, आणि वाटलं तेव्हाच तिने हात उचलून दांड्यावर दोन थापा मारल्या. मागे वळून बघायची तिला गरज पडली नाही. पाणी पिऊन तुषार केव्हाचा तिच्या मागेच चालत होता.